मदत हवी आहे: आईबाबांना फिरत्या पट्ट्यावरची सुशी खायला न्यायचंय, उद्याच!

घाईगडबड
नवऱ्याने आईबाबांना उत्साहाच्या भरात सांगून ठेवलंय की बश्या फिरत फिरत आपल्यापुढे येतात. आता बाबा ऐकत नाहीत. स्वस्तातलंच ठिकाण बघतोय. तिथे त्यांना काय काय चालेल? प्लीज पटापट यादी द्या, मेन्यू बघून डोकं गरगरतंय.

कोपऱ्यातला
शहर कुठलं? पुणे की ओसाका?

रेवडी
आणि शाकाहारी की मासे खाणारे? अंडं चालतं? काहीच लिहिलं नाहीस.

घाईगडबड
योकोहामा, अजून कुठे! आई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा मालवणचे.

कोपऱ्यातला
मालवणचे म्हणजे कच्चा मासा बघून उठून जातील की चव घेतील?

घाईगडबड
शिजवलेलाच लागतो.

वामकुक्षी
मग बाबांची चैन आहे. उकडलेली कोळंबी (एबी), कोळंबीचं तेम्पुरा, माशाचाच लगदा असलेली खेकडाकांडी, आणि उनागी. उनागी म्हणजे वामेसारखाच लांबडा मासा, गोडसर रस्सा लावून भाजलेला. साबा मागवू नका. दिसतो बांगड्यासारखा, पण तो व्हिनेगरमध्ये मुरवलेला असतो, चुलीवर चढलेला नसतो.
आईंसाठी काप्पा माकी, म्हणजे काकडीचा रोल. इनारी, म्हणजे गोडसर तोफूच्या पिशवीत भात. शिवाय एदामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा, आणि फ्रेंच फ्राइज.

सोवळेराव
इनारी शाकाहारी कशी? ती पिशवी बहुतेक वेळा दाशी नावाच्या साराच्या पाण्यात शिजवतात आणि त्यात वाळवलेला मासा असतो. मिसो सूप, उदोन, सगळीकडे तेच. चवानमुशी तर अंड्याचीच. काही ठिकाणी टेबलावरच्या सोया सॉसमध्येही दाशी असते. घरून बाटली न्या.

वामकुक्षी
सोवळेराव, तुमच्या हिशोबाने जपानमध्ये फक्त पाणी प्यायचं. माझ्या सासूबाई इनारी आनंदाने खातात.

सोवळेराव
त्यांना सांगितलंय का, त्यात काय असतं? फ्राइजचंही तेल कोळंबी तळलेलंच असणार.

रेवडी
भांडू नका. आईंना सांगा आणि त्यांना ठरवू द्या. काकडी आणि एदामामेवर पोट भरणार नाही म्हणून आधी घरी पोळीभाजी खाऊ घाला. काही साखळ्यांत दाइगाकु इमो मिळतं. रताळ्याच्या तळून पाकात घोळवलेल्या फोडी. ते आईंना नक्की आवडेल.

इतिहासप्रेमी
मुळात ही कल्पना योशिआकी शिराइशी यांची. बिअरच्या कारखान्यातल्या पट्ट्यावर बाटल्या सरकताना पाहून सुचली आणि 1958 साली हिगाशी-ओसाकात पहिलं दुकान निघालं. 1970 च्या ओसाका एक्स्पोनंतर (जागतिक प्रदर्शन) ती देशभर गेली.

घाईगडबड
छान. पण उद्या आई काय खाणार?

कोपऱ्यातला
बाबांना आधीच सांगा, की बश्या फार फिरत नाहीत. 2023 च्या सुरुवातीला एका पोराने सोया सॉसची बाटली चाटल्याचा व्हिडिओ पसरला आणि बऱ्याच ठिकाणी मुक्त फिरणं बंद झालं. आता टॅबवर मागवायचं (भाषा इंग्रजी करता येते). बशी वेगळ्या पट्ट्यावरून सुसाट येऊन तुमच्यासमोर थांबते. ती उचला, रिकामी बशी परत पट्ट्यावर ठेवू नका. बाबांना फिरणंच बघायचं असेल तर कुरा या साखळीत जा. तिथे अजून झाकणाखाली बश्या फिरतात, आणि पाच रिकाम्या बश्या टेबलाच्या फटीत टाकल्या की टॅबवर खेळ लागतो. जिंकलात तर खेळणं. म्हातारी माणसं यात जास्त रमतात.

पोटोबा
शनिवारी संध्याकाळी तासभर रांग. ॲपवर नंबर लावा, दारातल्या मशीनवर नोंद करा, काउंटर नको, टेबल निवडा. आणि टेबलावरचा नळ हात धुवायला नाही! उकळतं पाणी येतं, चहासाठी. चहाची पूड बाजूला असते.

बिनधास्त
स्वस्त साखळ्यांत जाऊच नका. एकदाच नेताय ना, मग टोकियोतल्या महागड्या गिन्झाला न्या. खरी सुशी तिथे.

पोटोबा
बिनधास्त, काकडीच्या रोलसाठी गिन्झा? शंभर-सव्वाशे येनच्या बशीत काय वाईट आहे? 2022 च्या ऑक्टोबरात सुशिरो या साखळीने स्वस्त बशी 120 वर नेली तेव्हा लोक हळहळले, तरी पाच-सहा बश्यांत माणूस जेवतो.

मऊभात
मी घरीच करते सुशी, आंबेमोहोर घेऊन. व्हिनेगरऐवजी लिंबू. कृती देऊ का?

रेवडी
एक मिनिट. पोटोबा म्हणतात ते खरं, उद्या शनिवार. बाबा शनिवार पाळतात का?

घाईगडबड
थांबा, विचारून येते.

सोवळेराव
पाळत असतील तर इनारीही नाही.

वामकुक्षी
सुरू झालं परत.

घाईगडबड
पाळतात. म्हणे रविवारी जाऊ. रविवारची रांग किती असते?

पोटोबा
शनिवारहून वाईट. आत्ताच नंबर लावा.

मऊभात
तांदूळ अर्धा तास भिजवायचा, मग…