रडारवर श्वास बरोबर, नाडी मात्र चुकते

प्रश्न
नमस्कार. वडिलांची त्वचा इतकी नाजूक झाली आहे की इलेक्ट्रोडची चिकटपट्टी काढताना ती सोलवटते, म्हणून पलंगापासून मीटरभर अंतरावर ६० गिगाहर्ट्झचा रडार सेन्सर बसवला. छातीकडे पाहून मोजलेल्या श्वासांशी त्याचा आकडा जुळतो. नाडी मात्र काल रात्री बराच वेळ ७२ दिसत होती आणि बोटावरचा ऑक्सिमीटर तेव्हा ८८ दाखवत होता. सेन्सर सदोष असेल का?

प्रतिसाद १
त्या वेळी श्वास मिनिटाला १८ होते का, ते कृपया पाहावे. श्वासाने छाती काही मिलिमीटर हलते, ठोक्याने जेमतेम अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. ६० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५ मिलिमीटर असल्यामुळे पाव मिलिमीटर हालचालीनेही परतलेल्या लहरीची फेज (चढउताराच्या चक्रातली तिची जागा) सुमारे ३६ अंशांनी सरकते, त्यामुळे ठोका सेन्सरला जाणवतो हे नक्की. परंतु श्वासाची लय साइन लहरीइतकी शुद्ध नसल्याने तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेलाही वर्णपटात, म्हणजे कोणत्या वारंवारतेची हालचाल किती जोरदार आहे हे दाखवणाऱ्या आलेखात, शिखरे उमटतात, आणि १८ ची चौपट ७२ होते.

प्रश्नकर्ता
नोंद पाहिली, श्वास १८च होते. मग आता काय करावे?

प्रतिसाद १
सॉफ्टवेअर बहुधा सर्वांत उंच शिखर निवडत आहे. वर्णपट उघडून पाहिल्यास ८८ च्या आसपास एक ठेंगणे शिखर सापडण्याची शक्यता आहे. श्वासाच्या पटीतली शिखरे आधी वगळावीत आणि नमुना किमान २० सेकंदांचा घ्यावा, कारण त्याहून लहान नमुन्यात मिनिटाला ३ ठोक्यांच्या अंतरावरची शिखरे एकमेकांत मिसळतात. वडील कूस बदलत असतानाची वाचने सरळ टाकून द्यावीत. त्या हालचालीपुढे ठोका पूर्ण झाकला जातो.

प्रतिसाद २
मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, म्हणून एका गोष्टीची मला अधिक काळजी वाटते. झोपेत घसा बंद पडून हवा अडली तरी छाती हवा ओढण्याची धडपड करत हलतच राहते, आणि अशा वेळी रडार श्वास चालू असल्याचे दाखवू शकते. रक्तातला ऑक्सिजन त्याला कळत नाही, इसीजीही मिळत नाही. ऑक्सिमीटरला चिकटपट्टी लागत नाही, तेव्हा तो बोटावरून काढू नका; फक्त दर काही तासांनी बोट बदला, म्हणजे एकाच जागी दाब पडून त्वचा दुखावणार नाही.