मदत हवी आहे: कपाचा कान सांध्यापाशी तडकतो
लहानपणी मातीत हात घातला, तो आजही तिथेच रमतो. आता अंगठे दुखतात, म्हणून चाक कमी केलं आणि वळ्या रचून भांडी घडवते. फार सुख आहे त्यात! पण कपांचे कान सांध्यापाशी तडकतायत. दोन्ही बाजू खरवडून, त्याच मातीचा दाट लगदा लावून जोडते. कप तोवर बराच सुकलेला असतो आणि ओला कान जास्त आकसतो, हे कळतं. मग प्लास्टिकखाली किती दिवस झाकून ठेवू?

की दोष भट्टीचा? तडा पहिल्या भाजणीनंतरच दिसतो. ५७३ अंश सेल्सिअसला मातीतलं क्वार्ट्झ (गारेचं खनिज) एकदम फुगतं, थंड होताना तिथेच आकसतं. त्या टप्प्यावर तुम्ही भट्टी तापवण्याचा आणि थंड करण्याचा वेग किती ठेवता?