गूढ इतिहासावरचे माहितीपट: शोध की नुसती हवा?

जुनीपाने:
२०१७ च्या जुलैत अमेरिकन वैमानिक अमेलिया एअरहार्टवर एक माहितीपट आला. १९३७ साली पॅसिफिकवरून उडताना ती आणि तिचा दिशादर्शक फ्रेड नूनन बेपत्ता झाले, त्यांचा थांग कधीच लागला नाही. माहितीपटाचा सगळा डोलारा एका फोटोवर. तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या मार्शल बेटांवरचा धक्का, काठावर पाठमोरी बसलेली एक व्यक्ती, मागे काहीतरी ओढत नेणारं जहाज. पाठमोरी ती अमेलिया, केसांची ठेवण जुळते म्हणून उभा माणूस नूनन, ओढलं जातंय ते विमान. म्हणजे दोघं जपान्यांच्या ताब्यात होते! काही दिवसांतच एका जपानी ब्लॉगरने हाच फोटो १९३५ साली छापलेल्या प्रवासपुस्तकात दाखवला. विमान हरवण्याच्या दोन वर्षं आधी.

चेहरेपट्टी जुळवायला तज्ज्ञ आणले, पण फोटो आधी कुठे छापून आलाय का, ही पहिली पायरीच चुकली. असे माहितीपट इतिहासाचं नुकसानच करतात, असं माझं ठाम मत आहे.

रानवाट:
एका फोटोपायी सगळा प्रकारच मोडीत काढू नका. १४८५ च्या लढाईत पडलेला इंग्लंडचा तिसरा रिचर्ड घ्या. लेस्टरमध्ये २०१२ च्या ऑगस्टमध्ये कार पार्कखाली खोदाई झाली, पहिल्याच दिवशी हाडं लागली, आणि त्या शोधावर माहितीपट झाला. टेबलावर एकेक मणका मांडत गेले तसा पाठीचा बाक उमटत गेला. शेक्सपिअरने रंगवलेल्या राजातला बाक खरा निघाला, वाळलेला हात मात्र नाही. हे बघून जे कळतं ते तळटीप वाचून कळत नाही.

जुनीपाने:
मान्य, पण तिथे खणणारे विद्यापीठाचे लोक होते. शिवाय फेब्रुवारी २०१३ मध्ये ओळख जाहीर झाली त्याच दिवशी माहितीपट दाखवला, आणि डीएनएचा सविस्तर शोधनिबंध आला डिसेंबर २०१४ मध्ये. निष्कर्ष टिकला म्हणून निभावलं. प्रक्षेपणाची तारीख ठरली की पुराव्याला घाई करावी लागते, माझी तक्रार तिथे आहे.

कंदील:
दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट सुटतेय. १८४५ साली निघालेली ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रँकलिनची आर्क्टिक मोहीम, १२९ माणसं, एकही परतलं नाही. उपाशी खलाशांनी शेवटी माणसाचं मांसही खाल्लं, ही तिथल्या मूळ रहिवासी इन्युइट लोकांची साक्ष जॉन रे या शोधकाने १८५४ मध्ये इंग्लंडला पोचवली, तर प्रतिष्ठितांनी ती झिडकारली. पुढे हाडांवर सुऱ्यांच्या खुणा सापडल्या. मोहिमेतलं 'एरेबस' जहाज २०१४ मध्ये मिळालं तेही इन्युइट सांगत आले त्याच भागात. अशी तोंडी परंपरा त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच भाषेत ऐकवायची तर कॅमेऱ्याला पर्याय नाही. दीडशे वर्षं कागदाने त्यांना खोटं पाडलं.

जुनीपाने:
हा मुद्दा पटला. असा माहितीपट मी दोनदा बघेन. पण इजिप्तचा प्राचीन राजा तुतानखामुनच्या 'खुना'चं काय? १९६८ च्या एक्स-रेत कवटीत हाडाचे तुकडे दिसले आणि तर्काला पाय फुटले. २००५ च्या सीटी स्कॅनमध्ये डोक्यावर घाताची खूण नाही. जुना माहितीपट पुन्हा दाखवताना सुरुवातीला एवढी एक पाटी तरी हवी.

रानवाट:
पाटीला माझी ना नाही. मात्र खुनाची गोष्ट पुस्तकांनीही तितकीच पसरवली, मग नियम त्यांनाही लावा.

जुनीपाने:
लावा की. पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघते, ग्रंथालयात दोन्ही शेजारी ठेवता येतात. सुधारित आवृत्ती काढलेला एखादा माहितीपट माहीत असेल तर इथे नाव द्या, मी आजच बघतो.