लडाखमध्ये जवानांनी पाहिलेले ते पिवळे गोळे खरंच गुरु-शुक्र होते का?

भटका_जीव:
मंडळी, 2012 चं लडाखच्या पँगाँग सरोवरावरचं प्रकरण आठवतंय का कुणाला? ऑगस्टपासून लष्कर आणि आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस) जवान सांगत होते की चीनच्या बाजूला क्षितिजावरून पिवळसर गोळे वर येतात, तीन ते पाच तास हळूहळू सरकतात आणि गायब होतात. रडार लावलं, काही नाही, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (रेडिओ लहरी टिपणारं यंत्र) लावला, सिग्नल नाही. तेव्हा अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापून आलं होतं की लडाखमधल्याच हानले वेधशाळेच्या लोकांनी येऊन बघितलं आणि हे ग्रह नाहीत म्हणाले. मग 2013 च्या जुलैमध्ये बातमी की बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने सांगितलं गुरु आणि शुक्र!! आता यातलं खरं काय धरायचं? सीमेवर रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला शुक्र कळत नाही हे मला तरी पटत नाही.

दुर्बीणवाला:
दिशा बघा आधी. पँगाँगवर पूर्वेला चीन, आणि उगवणारी प्रत्येक गोष्ट पूर्वेलाच उगवते, त्यामुळे ग्रह असला तरी तो "चीनकडूनच" येणार ना. त्या वर्षी गुरु वृषभेत होता, रोहिणीच्या जवळपास. ऑगस्टात रात्री एकच्या सुमारास उगवायचा आणि उजाडलं की दिसेनासा, म्हणजे तुमचे तीन ते पाच तास इथेच जमतात. शुक्र त्याच्या मागोमाग पहाटे. तारे रोज साधारण 4 मिनिटं लवकर उगवतात, गुरुचंही तेच, सरकत सरकत 3 डिसेंबरला प्रतियुती (गुरु सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला) झाली तेव्हा तो दिवेलागणीलाच वर यायला लागला. कुठला ड्रोन हे वेळापत्रक पाळेल? आणि रडारवर गुरु कसा दिसणार हो :)
राहिलं हानलेचं. ते अधिकाऱ्यांच्या तोंडून आलेलं, वेधशाळेच्या कागदावरचं नाही, मी तरी त्याला फार वजन देणार नाही.

खाकी_कट्टा:
जवानांना हसणाऱ्यांनी जरा थांबा. माझे काका त्या भागात होते (वेगळ्या काळात), ते सांगतात की 14 हजार फुटांवर हवा इतकी विरळ आणि अंधार इतका गच्च की ग्रह अंगावर आल्यासारखा वाटतो, आणि काळ्या आकाशात एकाच ठिपक्याकडे बघत राहिलं की तो हलतोय असंच वाटतं, कुणालाही. त्यात तिकडून ड्रोन येण्याची भीती खरी होती, 2013 च्या एप्रिलमध्ये लडाखमधल्या देपसांगला चिनी सैनिक तंबू ठोकून बसलेच की. पोस्टवरच्या पोराने "शुक्र असेल" म्हणून झोपून जायचं का? त्याने नोंद केली हेच बरोबर. ऑगस्ट ते फेब्रुवारी 329 नोंदी आहेत, त्यातल्या 155 घुसखोरी म्हणून. ताऱ्यांच्या तुलनेत ते दिवे कसे सरकतात ते मांडलं तेव्हा तर शास्त्रज्ञांना उत्तर मिळालं.

शंकासुर:
ठीके, मग 2004 चे अमेरिकन नौदलाचे पायलट पण शुक्रच बघत होते का? निमिट्झ या विमानवाहू जहाजावरचे. कमांडर फ्रेव्हर वगैरे, दोन विमानं, चार माणसं, भरदिवसा, पांढरी लांबट गोळीसारखी वस्तू. पेंटागॉनने (अमेरिकी संरक्षण खातं) 2020 मध्ये त्या प्रकरणातला व्हिडिओ स्वतः अधिकृतपणे दिला.

दुर्बीणवाला:
@शंकासुर नाही, तिथे शुक्र चालणार नाही. ते दिवसाउजेडी घडलं, समुद्रावर, आणि पायलटांनी विमान वळवून त्या वस्तूच्या मागे नेलं. ते अजून उलगडलेलं नाही असंच म्हणायचं, पण म्हणून लडाखचं उत्तर चुकीचं ठरत नाही, तसंच लडाखच्या उत्तराने निमिट्झही सुटत नाही. प्रत्येक केस वेगळी काढा.
@भटका_जीव स्टेलेरियम (कुठल्याही तारखेचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, पँगाँगचं लोकेशन आणि 2012 ची तारीख टाका.

भटका_जीव:
टाकलं. सप्टेंबरात रात्री पूर्वेकडून गुरु, पहाटे शुक्र, दोन्ही तिथेच. मान्य. पण मग रडार रिकामं आल्यावर लगेचच कुणी रोज रात्री वेळ आणि दिशा लिहून आलेखावर का नाही मांडली, जुलै का उजाडावा लागला?