आईच्या किडनीत गाठ, लगेच काढायची का? मदत हवी आहे

कृष्णाकाठ: आईच्या उजव्या किडनीत गाठ निघाली. डॉक्टर पुढच्या आठवड्यात किडनी काढू म्हणतात. दुसऱ्यांना दाखवलं तर म्हणे साधी, म्हणजे कॅन्सर नसलेलीही असू शकते. कोणाचं ऐकायचं? लवकर सांगा.

मारवा: गाठ केवढी? वय? नुसती सोनोग्राफी की सीटीही?

घाटमाथा: रोज सकाळी कुळथाचं कढण द्या. माझ्या साडूंचा खडा पंधरा दिवसांत पडला.

मारवा: अहो, खडा नाही, गाठ आहे.

कृष्णाकाठ: ३.२ सेंमी. वय ६१. सीटी कॉन्ट्रास्ट देऊन केलाय. गाठीत चरबी नाही, मधोमध व्रणासारखा भाग आहे, असं लिहिलंय.

निशिगंध: माझ्या बहिणीला अँजिओमायोलिपोमा आहे, साधी गाठ. ४ सेंमीच्या आत म्हणून वर्षातून एकदा सोनोग्राफी, बस्स. तुम्हीही थांबा.

मारवा: निशिगंधताई, त्यांच्या गाठीत चरबी दिसली असणार, म्हणून सीटीवरच निदान झालं. इथे चरबी नाही. चरबी कमी असलेली अँजिओमायोलिपोमाही असते, ती थेट कॅन्सरसारखी दिसते. मधल्या व्रणावरून ऑन्कोसायटोमाची शंका येते, तीही साधीच. पण तसा व्रण कॅन्सरच्या गाठीतही दिसतो. एवढ्या लहान गाठी काढल्यावर साधारण पाचात एक साधी निघते. म्हणजे चार नसतात, हेही धरून चाला. बायोप्सीबद्दल, म्हणजे सुईने बारीक तुकडा काढून तपासण्याबद्दल, विचारलंत का?

सह्यकडा: बायोप्सी मुळीच नको! सुई लागली की पसरतो. आमच्या मामांचं तेच झालं.

मारवा: मामांना कोणता कॅन्सर होता? किडनीत सुईच्या वाटेने पसरणं फार क्वचित घडतं. खरी अडचण वेगळी आहे. ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब जातीचा कॅन्सर सुईच्या बारीक तुकड्यात जवळजवळ सारखे दिसतात. सीके७ सारख्या जादा तपासण्या लागतात, तरी कधी कधी नक्की सांगता येत नाही.

सह्यकडा: मग सुई टोचून उपयोग काय? मामांचा यकृताचा होता, पण कॅन्सर तो कॅन्सर.

मारवा: बहुतेकदा उत्तर मिळतं, म्हणून. कृष्णाकाठ, किडनीचं काम कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, ते किती?

कृष्णाकाठ: १.४. पंधरा वर्षं मधुमेह आहे ना.

मारवा: हे आधी सांगायला हवं होतं! म्हणजे किडन्यांचं काम आधीच कमी झालंय. अशा वेळी अख्खी किडनी घालवणं महागात पडू शकतं. फक्त गाठ काढून बाकीची वाचेल का, हे सर्जनना आधी विचारा.

कृष्णाकाठ: उद्याच विचारते. बायोप्सी ठरली तर आईची रक्त पातळ करणारी अ‍ॅस्पिरिन आजपासूनच बंद करू का?

मारवा: अ‍ॅस्पिरिन चालू आहे? कशासाठी? स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना आधी फोन करा.