हेमिर हाल्ग्रिमसन: सुवर्णपिढीचे सोबती की संघ घडवणारे प्रशिक्षक?

उत्तरवारा (धागाकर्ता)

आइसलँडच्या फुटबॉलचा विषय निघाला की हेमिर हाल्ग्रिमसन यांच्याविषयी एकच गोष्ट आधी सांगितली जाते, ती म्हणजे ते दंतवैद्य आहेत. गोष्ट खरी आहे, आणि राष्ट्रीय संघाची धुरा सांभाळत असतानाही त्यांनी वेस्टमन बेटांवरचा दवाखाना पुरता सोडला नव्हता, हेही खरे. पण या नवलाईपायी त्यांचा प्रशिक्षक म्हणून झालेला प्रवास झाकला जातो आणि ‘सुवर्णपिढी तयार होती, लार्स लागरबेक यांच्यासारखे मुरब्बी स्वीडिश प्रशिक्षक होते, हे नुसते सोबत होते’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो मला अन्यायकारक वाटतो.

हेमिर यांचा जन्म १९६७ साली वेस्टमन बेटांपैकीच हेमाए या बेटावरचा. ते पाच वर्षांचे असताना, जानेवारी १९७३ मध्ये, तिथे ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सुमारे पाच हजार वस्तीचे अख्खे गाव रातोरात बोटींनी मुख्य भूमीवर हलवावे लागले. पुढे ते बेटाच्याच आयबीव्ही संघाकडून बचावपटू म्हणून खेळले, मग त्याच क्लबच्या महिला संघाचे प्रशिक्षक झाले आणि २००४ मध्ये त्या संघाने आइसलँडचा चषक जिंकला. नंतर पुरुषांचा संघ हाती घेऊन त्यांनी तो २००८ मध्ये पहिल्या श्रेणीत परत आणला आणि २०१० व २०११ अशी दोन्ही वर्षे तिसऱ्या क्रमांकावर नेला. म्हणजे २०११ च्या अखेरीस लागरबेक यांचे साहाय्यक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा ते काही दवाखान्यातून उठून थेट मैदानावर आले नव्हते.

राष्ट्रीय संघात आल्यावर त्यांनी सुरू केलेली एक प्रथा मला फार महत्त्वाची वाटते. घरच्या सामन्याच्या दिवशी ते रेक्याविकमधल्या एका पबमध्ये जात. तिथे ‘टोल्फान’ या समर्थक गटाचे लोक जमलेले असत. त्यांना ते संघात कोण खेळणार, डावपेच काय असणार, हे संघ जाहीर होण्याआधीच समजावून सांगत, आणि ऐकणारेही ती माहिती बाहेर फुटू देत नसत. त्या वेळी साडेतीन लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशात संघ आणि प्रेक्षक यांच्यात असा विश्वास निर्माण करणे हे प्रशिक्षकाचेच काम आहे, आणि ते हेमिर यांनी केले.

चौथी फळी

धागाकर्त्यांच्या आदरभावनेशी सहमत, निष्कर्षाशी मात्र पूर्णपणे असहमत. गिल्फी सिगुर्डसन, आरोन गुन्नार्सन, कोल्बेन सिग्थोरसन, बिर्कीर ब्यार्नासन ही मंडळी २०११ मध्येच २१ वर्षांखालील युरो (युरोपीय अजिंक्यपद) स्पर्धेत खेळली होती, आणि त्याच्या पात्रता फेरीत त्या संघाने जर्मनीला ४-१ असे हरवले होते. २००० नंतर देशभर बंदिस्त मैदाने उभी राहिली आणि शाळकरी मुलांनाही परवानाधारक प्रशिक्षक मिळू लागले. या पिकाची पेरणी हेमिर यांच्या आधी झालेली होती.

राहिला प्रश्न ते पीक घरात आणण्याचा. त्यासाठी लागरबेक होते, ज्यांच्या कारकिर्दीत स्वीडन २००० ते २००८ या काळात सलग पाच मोठ्या स्पर्धांना पात्र ठरला होता. बचाव आणि मधल्या खेळाडूंच्या दोन सरळ फळ्या, त्यांमधले मोजके अंतर आणि चेंडू नसतानाची शिस्त ही सगळी लागरबेक यांच्या स्वीडिश शाळेची शिकवण. २०१२ मध्ये जागतिक क्रमवारीत १३१ व्या स्थानापर्यंत घसरलेला संघ २०१३ च्या नोव्हेंबरात विश्वचषकाच्या उंबरठ्यावर क्रोएशियाशी प्ले-ऑफ (पात्रतेची निर्णायक लढत) खेळत होता, आणि तोवर हेमिर साहाय्यकच होते. २०१८ च्या विश्वचषकात ते एकटे प्रमुख होते. तिथे तीन सामन्यांत मिळाला एक गुण.

किनाराकर

दोघांनीही महिला संघाचा काळ घाईने ओलांडला आहे. जिथे पैसा नाही, प्रसिद्धी नाही, आणि मुख्य भूमीवर सामना खेळायचा तर समुद्र ओलांडावा लागतो, अशा बेटावरच्या संघाला देशाचा चषक जिंकून देणे ही मोठी कामगिरी आहे. पुरुषांच्या राष्ट्रीय संघाचे यश मोजताना ती केवळ तळटीप म्हणून येऊ नये.

उत्तरवारा

किनाराकर, आपले म्हणणे मान्य आहे.

चौथी फळी, आपण २०१८ चा एक गुण मोजलात, पण तिथवर पोहोचण्याचा रस्ता मोजला नाहीत. लागरबेक २०१६ च्या युरोनंतर बाजूला झाले. पुढच्या, म्हणजे २०१८ च्या विश्वचषकाच्या, पात्रता फेरीत क्रोएशिया, युक्रेन, तुर्कस्तान, फिनलंड आणि कोसोव्हो यांच्या गटात आइसलँड २२ गुणांसह अव्वल ठरला आणि २० गुणांचा क्रोएशिया दुसरा आला. हाच क्रोएशिया पुढे रशियात त्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. तोपर्यंत इतक्या कमी लोकसंख्येचा कोणताही देश विश्वचषकाला पात्र ठरलेला नव्हता.

आता दोघे वेगळे झाल्यावर काय घडले, तेही पाहावे. लागरबेक नॉर्वेला गेले. तिथे त्यांच्या हाती पुढे ओडेगार्ड आणि हालांड असे नामवंत खेळाडू आले, तरीही तो संघ युरो २०२० ला पात्र ठरला नाही. इकडे हेमिर यांनी जुलै २०१८ मध्ये पद सोडले आणि सप्टेंबरात आइसलँड स्वित्झर्लंडकडून ०-६ असा हरला. पिढी तीच होती आणि बंदिस्त मैदानेही तीच होती. एवढ्यावरून सारे श्रेय हेमिर यांचे असे मी म्हणणार नाही, परंतु ते ‘नुसते सोबत’ नव्हते एवढे यातून निश्चित दिसते.

चौथी फळी

मग त्यापुढचीही कारकीर्द मोजू या. कतारच्या अल-अरबीबरोबर अडीच वर्षांत एकही करंडक नाही. अमीर चषकाचा अंतिम सामना गाठला, पण तो अल-सद्दकडून १-२ असा गमावला. जमैकाला त्यांनी कोपा अमेरिकेपर्यंत नेले याचे श्रेय देतो, कारण टोरांटोत कॅनडाला ३-२ असे हरवणे सोपे नव्हते. पण २०२४ च्या त्या स्पर्धेत मेक्सिको, इक्वेडोर आणि व्हेनेझुएला या तिघांकडूनही पराभव झाला. मग आयर्लंडचे प्रशिक्षकपद. वेम्बलीवर इंग्लंडकडून ०-५, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये येरेव्हानला आर्मेनियाकडून १-२. त्या रात्री त्यांना बदला अशी मागणी करणाऱ्या आयरिश चाहत्यांना मी दोष देऊ शकत नाही.

पेनल्टीबॉक्स

वेम्बलीचा सामना मध्यंतरापर्यंत ०-० होता. आयर्लंडचा बचावपटू लियाम स्केल्सला लाल कार्ड मिळाल्यावर संघ कोसळला, ही नोंद इथे असायला हवी.

मला दोन गोल शेजारी ठेवून दाखवायचे आहेत. पहिला २७ जून २०१६ चा, युरो स्पर्धेतला, नीस शहरातला. इंग्लंडने चौथ्या मिनिटाला पेनल्टीवर आघाडी घेतली आहे. दोनच मिनिटांत आरोन गुन्नार्सन उजवीकडून लांब थ्रो-इन टाकतो, कारी आर्नासन जवळच्या खांबापाशी डोक्याने चेंडू मागे सरकवतो, आणि पलीकडून धावत आलेला राग्नार सिगुर्डसन तो जाळ्यात मारतो. दुसरा १६ नोव्हेंबर २०२५ चा, बुडापेस्टमधला, हंगेरीविरुद्धच्या विश्वचषक पात्रता सामन्यातला. आयर्लंडला विजयच हवा आहे, २-२ अशी बरोबरी आहे, आणि ९६ व्या मिनिटाला गोलरक्षक केल्हर लांबून चेंडू आत टाकतो, तोच स्केल्स डोक्याने तो पुढे सरकवतो, आणि ट्रॉय पॅरट पाय ताणून बुटाच्या टोकाने गोलरक्षकाला चुकवतो. त्याचा हा तिसरा गोल. तीनच दिवस आधी डब्लिनमध्ये पोर्तुगालला २-० असे हरवताना दोन्ही गोल त्याचेच होते.

देश वेगळा, खेळाडू वेगळे आणि मध्ये नऊ वर्षांचे अंतर. पण लांब चेंडू, पहिला स्पर्श जिंकणारा उंच बचावपटू आणि त्या स्पर्शाच्या आधीच धाव सुरू केलेला तिसरा माणूस ही रचना तीच. बुडापेस्टमध्ये ना लागरबेक होते, ना आइसलँडची सुवर्णपिढी.

चौथी फळी

आपली दोन गोलांची जोडी नेमकी आहे आणि ती मी मान्य करतो. मात्र तिच्यामुळे माझाच मुद्दा पुढे जातो. ही पद्धत बलाढ्य संघाविरुद्ध किंवा शेवटच्या मिनिटांच्या धामधुमीत चालते. समोर बरोबरीचा अथवा दुबळा संघ आला आणि डाव स्वतः रचायची वेळ आली की हेमिर यांचे संघ अडखळतात. २०१७ च्या त्याच गटात आइसलँड फिनलंडमध्ये ०-१ हरला. विश्वचषकात अर्जेंटिनाला १-१ असे रोखले आणि लगेच नायजेरियाकडून ०-२ पराभव पत्करला. डब्लिनमध्ये आर्मेनियाचा एक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेल्यानंतरच आयर्लंडला गोल करता आला.

उत्तरवारा

ही टीका गंभीर आहे आणि फिनलंडच्या बाबतीत ती लागूही पडते. पण याच निकषावर ऑक्टोबर २०१७ चे तीन दिवस तपासावेत. ६ तारखेला एस्किशेहिरमध्ये तुर्कस्तान बरोबरीचाच नव्हे, तर घरच्या मैदानावर आणि विजयाच्या गरजेने उतरलेला संघ होता. आइसलँडने तो सामना ३-० असा जिंकला. ९ तारखेला रेक्याविकमध्ये दुबळ्या कोसोव्होविरुद्ध डाव आइसलँडलाच रचायचा होता, सारा देश पाहत होता, आणि त्यांनी घाई न करता ४० व्या मिनिटाला पहिला आणि ६८ व्या मिनिटाला दुसरा गोल केला. विश्वचषकाचे तिकीट त्या सामन्यात मिळाले, आणि तेव्हा बाकावर प्रमुख म्हणून हेमिर एकटेच होते.