विषय: पुण्यातलं ओरिएंटियरिंग, कंट्रोल घळीत नकोत

सचिव, लंडन:
मंडळी, नमस्कार. ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला (इथल्या शाळांची सत्रामधली सुट्टी) बरीच कुटुंबं पुण्यात असणार. इंग्लंडमधल्या सरेच्या हीथवर, म्हणजे झुडपांच्या रेताड माळावर, खेळतो तसंच ओरिएंटियरिंग (नकाशा बघत ठरलेली ठिकाणं शोधत धावायचा खेळ) वेताळ टेकडीवर करायचं ठरतंय. नकाशा १:१०,००० चा, दहा कंट्रोल (झेंडा लावलेली, शोधायची ठिकाणं), सकाळी दहाला स्टार्ट. आखणी सोबत जोडली आहे. पुण्यातल्यांनी नजर टाकावी.

काका, कोथरूड:
आखणी पाहिली. सुरेख आहे, पण सरेसाठी. उघड्या माळावर नारिंगी-पांढरा झेंडा लांबूनच दिसतो आणि खेळातली गंमत जाते, म्हणून तुम्ही निम्मे कंट्रोल घळीत आणि ओहोळाच्या वळणात दडवलेत. हीथवर ते चालतं, तिथली वाळू पाणी पिऊन टाकते. इथे वीतभर मातीखाली काळा कातळ. एक जोराची सर आली की कोरडा ओहोळ धावायला लागतो. बरं, कंट्रोल उचलून पठारावर न्यावेत, तर तिथे विजेची भीती. परतीचा पाऊस गडगडाटाशिवाय येत नाही.

तेव्हा मधल्या उतारावर या. सोंडेच्या पाठीमागे, मोठ्या धोंड्याच्या खालच्या अंगाला. पाच मीटरची एक कंटूर (नकाशावरची उंचीची रेघ) उतरलात तरी झेंडा दिसेनासा होतो आणि पाण्याच्या वाटेतही येत नाही. जागा नकाशावर ठरवू नका, उभं राहून बघायला लागेल. मी जातो.

दहाचा स्टार्ट विसरा. ढग दुपारनंतर चढतात, पण शेवटचा गडी खाली येईपर्यंत दुपारच होते. सातला सोडा, दहाला कोर्स बंद. जुन्या दगडखाणीत पावसाळ्यानंतर पाणी असतं. तो भाग नकाशावर जांभळ्या रेघांनी बंद दाखवा आणि जागेवर फीतही बांधा. धावणारा माणूस नकाशा वाचतोच असं नाही.

ताई, रीडिंग:
काका, वीज आलीच तर? मुलं झाडाखाली पळतात. शिवाय कोण वर राहिलं ते कळणार कसं?

काका, कोथरूड:
ताई, विजेसाठी दामिनी ॲप आहे. ते बनवणारी हवामान संशोधन संस्था आयआयटीएम तर टेकडीच्या पायथ्याशी, पाषाणलाच. ॲप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आतल्या विजा दाखवतं. आपला नियम असा ठेवू: चाळीसच्या आत वीज दिसली की स्टार्ट बंद, वीसच्या आत आली की सगळे खाली. मुलांना आधीच सांगायचं, एकटं झाड नको, कपारही नको, सरळ ठरलेल्या वाटेनं उतरायचं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. अडचणीत मिनिटाला सहा फुंका, मग मिनिटभर थांबायचं.

मोजणीचं मात्र इथे जास्त अवघड आहे. हीथवर गाडी एकाच पार्किंगमध्ये असते, माणूस झक मारत तिथेच येतो. वेताळ टेकडीवरून पाषाणला, चतुःशृंगीला, कोथरूडला, कुठेही उतरता येतं. पाऊस आला की कोणीतरी कोथरूडला उतरून मावशीकडे चहाला बसणार आणि आपण वर हाका मारणार! म्हणून प्रत्येकाच्या कंट्रोल गाठल्याची नोंद करायच्या कार्डाचा अर्धा तुकडा स्टार्टला ठेवून घ्या, आणि कोर्स अर्धवट सोडला तरी फिनिशला येऊन उरलेला अर्धा द्यायचाच. दुसरीकडे उतरलात तर फोन करायचा. हे स्टार्टला प्रत्येकाकडून वदवून घ्या.

आणि हो, हाफ पँट नको. तिकडे गॉर्सच्या झुडपांचे काटे, इकडे कुसळी गवत. ऑक्टोबरमध्ये कुसळी वाळते आणि मोज्यात अशी घुसते की धुतल्यावरही निघत नाही, एकेक चिमटीनं उपसावी लागते. गुडघ्यापर्यंतचे गेटर (पोटऱ्यांवर चढवायची कापडी आवरणं) असतील तर आणा.

सचिव, लंडन:
स्टार्ट सातला, कोर्स दहाला बंद, चाळीस-वीसचा नियम पक्का. सुधारित आखणी काकांच्या फेरीनंतर पाठवतो. वनखात्याकडे अर्ज पुण्यातल्या कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन द्यायचा आहे, नकाशा आणि माणसांचा आकडा सोबत. कोण जातंय ते कळवा. परवानगी हातात येईपर्यंत कोणी तिकीट या कार्यक्रमासाठी म्हणून काढू नका.